वरचं एक फूल

बाळासोंनी फुलं पाठवायचं ठरवलं आणि तिथून सगळं बिघडलं. तोवर तसं काही बिघडलेलं नव्हतं. तोवर ते नुसते जळत होते, आणि जळण्यानं दुसऱ्याचं काही जात नाही, आपलं पित्त तेवढं वाढतं.

ते कुणावर जळत होते, हे आधी सांगायला पाहिजे. विक्तर इवानोविच नावाच्या एका म्हाताऱ्यावर. हा म्हातारा राहतो रशियात, कझान नावाच्या शहरात. बाळासो राहतात कोल्हापुरात, आमच्या गल्लीत, डाव्या हाताचं तिसरं घर. दोघांनी एकमेकांना उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. पण जळायला ओळख लागते असं थोडंच आहे. (लागत असती तर आमच्या निम्म्या गल्लीला संध्याकाळी काही कामच उरलं नसतं.)

तेजस्वी ही बाळासोंची एकुलती एक मुलगी. बी.ए. झाल्यावर ती सप्टेंबरात दहा महिन्यांसाठी रशियन शिकायला गेली. आमच्याकडची पोरं रशियाला जातात ती डॉक्टर व्हायला. ही नुसती भाषा शिकायला निघाली म्हटल्यावर गल्ली जरा बुचकळ्यात पडली. समोरचे किराणा दुकानवाले तवनाप्पा तर पेढा तोंडात ठेवता ठेवताच म्हणाले, "तिथं जाऊन रशियन शिकून काय उपयोग? तिथं सगळ्यास्नी येतीयाच की." यावर बाळासोंनी त्यांना आणखी एक पेढा दिला.

हॉस्टेलमध्ये जागा नव्हती. म्हणून तिथल्या शिकवणाऱ्या तमाराबाईंनी तेजस्वीला एका वयस्क जोडप्याच्या घरात खोली मिळवून दिली. नवरा विक्तर, ट्रामचा रिटायर झालेला ड्रायव्हर. बायको गालिना. मूलबाळ नाही. एक मांजर होतं, आणि आता तेजस्वी.

रोज संध्याकाळी तेजस्वीचा आवाजी मेसेज यायचा. बारा मिनिटं, चौदा मिनिटं, एकदा तर एकोणीस. यायचा तो तिच्या आईच्या, म्हणजे वर्षाराणीवहिनींच्या फोनवर. वहिनी फोन ओट्यावर चटणीच्या बरणीला टेकवून ठेवायच्या, स्पीकर लावायच्या आणि भाकऱ्या थापायला घ्यायच्या. बाळासो बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसायचे. (पेपर सकाळीच वाचून झालेला असायचा. पण कान टवकारून बसायचं तर हातात काहीतरी लागतं.)

वहिनींच्या स्वयंपाकघरातून अशी आमच्या गल्लीत रशियाची बातमी पसरायला लागली. तमाराबाई पहिल्या दिवसापासून वर्गात फक्त रशियन बोलतात. कुणी रडायला लागलं तर समजूतही रशियनमध्येच घालतात. अक्षरं तेहेतीस, त्यातली बरीचशी इंग्रजीसारखी दिसतात आणि उच्चार भलताच निघतो. नुसतं "जाते" म्हणायचं तर आधी ठरवावं लागतं की चालत जाणार का गाडीनं, आणि जाऊन परत येणार का तिकडंच राहणार; तेवढं ठरेपर्यंत ट्राम निघून जाते. दुपारी साडेतीनला दिवे लागतात. अनोळखी माणसाकडं बघून कुणी हसत नाही आणि ट्राममध्ये कुणी मोठ्यानं बोलत नाही. पहिल्याच आठवड्यात तेजस्वीनं ट्राममधून आईला फोन लावला, तर सगळी ट्राम वळून बघायला लागली आणि एका आजीबाईंनी जवळ येऊन हळूच विचारलं की पोरी, घरात कुणी गेलं का. ती फक्त सकाळी काय खाल्लं ते सांगत होती. पण कोल्हापुरी आवाजात सांगत होती.

बाळासोंच्या फोनवर मात्र सकाळी "जेवलात का?" आणि संध्याकाळी एक अंगठा, एवढंच यायचं.

खरं सांगायचं तर यात पोरीची काही चूक नव्हती. पहिल्या आठवड्यात ती वडलांच्या फोनवरच फोन करायची. बाळासो फोन उचलायचे, "पोचलीस व्हय? थंडी हाय का? जेवलीस? थांब, आईला देतो," असं एका दमात म्हणायचे आणि फोन घेऊन स्वयंपाकघराकडं पळायचे. वीस सेकंदांच्या वर त्यांनी पोरीला कधी हातात ठेवलं नाही. एकदा वहिनी अंघोळीला गेल्या होत्या, तर हे फोन घेऊन बाथरूमचं दार वाजवत उभे राहिले. आता एकतीस वर्षं सरकारी ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर काढलेल्या माणसाचा हा दोष म्हणता येणार नाही. आलेला कागद शिक्का मारून पुढच्या टेबलावर ढकलायचा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. कितीही आवडीचा कागद असला तरी तो ते स्वतःपाशी ठेवत नसत. शेवटी तेजस्वीनं विचार केला असणार की जायचं आईकडंच आहे, तर थेट आईलाच लावावा. बाळासोंना मात्र आपला आणि या गोष्टीचा काही संबंध असेल असं एकदाही वाटलं नाही. त्यांना एवढंच दिसत होतं की पोरगी आईशी बोलते आणि आपल्याला अंगठा दाखवते.

वहिनी एकदा म्हणाल्यासुद्धा, "अहो, तुम्हीच लावा की तिला फोन." त्यावर बाळासो पेपरामागूनच म्हणाले, "तिला बोलायचं असलं तर ती लावंल की."

आईवर जळणं एक वेळ ठीक होतं, घरातली गोष्ट घरात. पण ऑक्टोबरपासून मेसेजमध्ये विक्तरकाका शिरले. विक्तरकाकांनी बूट घ्यायला नेलं, दुकानदाराशी भांडून चांगले जाड तळव्याचे काढायला लावले. विक्तरकाका सकाळी टोपी कानावर आहे का बघितल्याशिवाय दाराबाहेर सोडत नाहीत. विक्तरकाका गृहपाठ तपासतात. विक्तरकाकांनी बटाट्यावर आपली कांदा-लसूण चटणी खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि परत मागितली. विक्तरकाका बर्फात ट्रामच्या थांब्यापर्यंत सोडायला येतात आणि ट्राम निघेपर्यंत उभे राहतात.

हे शेवटचं बाळासोंच्या फार जिव्हारी लागलं. बालवाडीपासून कॉलेजपर्यंत सोडायला जायचं खातं त्यांच्याकडं होतं. स्कूटरच्या मागच्या सीटवर तेजस्वी बसायची, त्यांच्या पाठीवर वही टेकवून राहिलेला गृहपाठ करायची, आणि शाळेच्या दारात ती दिसेनाशी होईपर्यंत ते स्कूटरवरच बसून राहायचे. सप्टेंबरपासून मागची सीट रिकामी होती. ऑफिसला जाताना गाडी इतकी हलकी लागायची की ते दोनदा हवा तपासून आले. आणि तिकडं एक ट्रामवाला त्यांच्या खुर्चीवर बसला होता, तोही विनाअर्ज.

डिसेंबरातल्या एका गुरुवारचा मेसेज साडेबारा मिनिटांचा होता. सहाव्या मिनिटाला तेजस्वी म्हणाली की रविवारी विक्तरकाकांना सत्तर पूर्ण होतात, दुपारी जेवायला बारा पाव्हणं बोलावलेत आणि मी पुरणपोळ्या करणार आहे. बाळासोंनी पेपर मिटला. या मुलीनं घरात कधी चहाला गॅस पेटवला नव्हता. ऑक्टोबरात त्यांना पंचावन्न पूर्ण झाली तेव्हा तिनं फोनवर केकचं चित्र पाठवलं होतं. एकच.

ते उठले, चप्पल घातली, स्कूटर काढली आणि रंकाळ्याला दोन चकरा मारून आले. मेसेज तेव्हा अजून साडेसहा मिनिटं चालायचा होता. तो त्यांनी शेवटपर्यंत ऐकला असता तर मला ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

दुसऱ्या चकरेला त्यांनी ठरवलं की या विक्तरला फुलं पाठवायची, त्याच्या वाढदिवसाला, सगळ्या पाव्हण्यांसमोर. म्हणजे पोरीचा बाप कोण आहे हे तिथं एकदा सगळ्यांना कळेल. त्यांच्या ऑफिसात कुणालाही जागेवरून हलवायचं झालं की आधी पुष्पगुच्छ देतात, हे त्यांनी अनेकदा पाहिलं होतं.

ऑफिसातल्या कृष्णातनं परदेशात फुलं पोचवणारी एक वेबसाइट शोधून दिली. ऑर्डर कझानच्याच एका फुलवालीकडं गेली. लेना तिचं नाव. ती रशियनमध्ये लिहायची आणि फोन त्याचं मराठी करून दाखवायचा. बाळासोंनी लाल कार्नेशन निवडली, कारण साहेबांच्या निरोप समारंभाला तीच असतात. संख्या सांगितली एकवीस. शुभकार्याला आपल्याकडं अकरा, एकवीस, एकावन्न असंच असतं. इथं ते थांबले असते तरी चाललं असतं.

पण बाळासो कोल्हापूरचे. आमच्याकडं मोजून घेतलेलं नुसतं मोजून घेऊन कुणी घरी येत नाही. दूधवाला माप ओतल्यावर वरची धार घालतो, भाजीवाली कोथिंबिरीची काडी टाकते, कबनूरचा कापडवाला मीटर झाल्यावर चार बोटं जास्त फाडतो. वरचं मिळालं नाही तर माणसाला आपण फसलो असं वाटतं, आणि दुसऱ्याला द्यायच्या वस्तूवर वरचं घेतलं नाही तर आपण हात आखडला असं वाटतं. बाळासोंनी लिहिलं, "वर एक टाका की."

बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "समजले नाही. एकूण बावीस?"

"व्हय. बावीस. वरचं एक फ्री."

"आम्ही एकवीस सुचवतो."

बाळासोंनी कृष्णातकडं बघितलं. "बघ, एक फूल द्यायला बाईचा कसा जीव जायलाय." मग त्यांनी लिहिलं की बावीस म्हणजे बावीस, त्यात बदल नाही.

लेनानं तिसऱ्यांदा विचारलं, "कृपया खात्री करा. तुम्हाला सम संख्याच हवी आहे?"

"सम असू दे न्हाईतर विषम. वरचं एक घेतल्याबिगर मी फुलं पाठवणार न्हाय."

आणि मग जे आलं ते वाचून बाळासो खुर्चीत ताठ झाले. लेनानं लिहिलं होतं की समजलं, वरच्या फुलाचं काही घेणार नाही, अशा वेळी आम्ही घेत नाही. रिबनसुद्धा आमच्याकडून. खाली हात जोडल्याचं चित्र आणि "धीर धरा" असे शब्द होते. बाळासोंनी "तुम्हीपण" असं उत्तर पाठवलं. रशियात जाऊन, तेही जागेवरून न उठता, वरचं एक काढणारा कोल्हापुरातला पहिला माणूस आपणच, असं त्यांनी कृष्णातला सांगितलं. कृष्णात म्हणाला, रशियन माणसं लईच मवाळ दिसायलीत.

सोबत द्यायची चिठ्ठी बाळासोंनी स्वतः मराठीत लिहिली, तिचं रशियन फोननं केलं. वाढदिवसाचा उल्लेख त्यांनी मुद्दामच टाळला. शुभेच्छा द्यायला मन होईना. ऑफिसात निवृत्तीच्या पत्राचा जो मजकूर असतो तो त्यांना तोंडपाठ होता, तोच जरा फिरवून घातला. "श्री. विक्तर इवानोविच यांस. आपण आजवर केलेल्या सेवेबद्दल आम्ही ऋणी आहोत. आपले कार्य पूर्ण झाले आहे. यापुढे आपण विश्रांती घ्यावी. तेजस्वीचे वडील." यात त्यांना म्हणायचं होतं की टोपी आणि बूट बस झाले, आता बाजूला व्हा.

रविवारी वहिनी सकाळच्या गाडीनं जयसिंगपूरला गेल्या. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आक्का, तिच्या नातवाचं बारसं होतं. फुलांचं बाळासोंनी त्यांना सांगितलंच नव्हतं. तेजस्वीचा आनंदाचा फोन आधी आपल्याला आला पाहिजे, मग आपण तो सहज जाता जाता वहिनींच्या कानावर घालू, असा बेत होता. पण असा फोन एकट्यानं घेण्यात मजा नाही, साक्षीदार पाहिजे. म्हणून चार वाजता त्यांनी तवनाप्पांना चहाला बोलावलं. टीपॉयवर मधोमध फोन ठेवला आणि दोघं त्याच्या दोन बाजूंना बसले.

पावणेपाचला फोन वाजला. तेजस्वीचाच, आणि थेट बाळासोंच्या फोनवर. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. बाळासोंनी तवनाप्पांकडं एकदा बघून घेतलं आणि स्पीकर लावला.

"पप्पा, तुम्ही फुलं पाठवलासा?"

"पोचली व्हय? थंडी हाय का?"

"किती पाठवलासा?"

"एकवीस," बाळासो म्हणाले, आणि तवनाप्पांना ऐकू जावं म्हणून जरा आवाज चढवून पुढं म्हणाले, "आणि वर एक."

मग तेजस्वीनं आई कुठाय विचारलं. जयसिंगपूरला, बाळासो म्हणाले. ती म्हणाली, मग तुम्हीच ऐका.

आणि बाळासोंना ते ऐकावं लागलं. रशियात जिवंत माणसाला फुलं द्यायची तर एक, तीन, पाच, एकवीस अशीच देतात. जोडीनं मोजता येतील अशी फुलं फक्त मेलेल्या माणसाला वाहतात. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिथल्या घड्याळात दुपारी बरोबर एक वाजता दाराची बेल वाजली. फुलं आणणाऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, मान खाली घातली आणि घरातलं जवळचं कोण आहे असं हळू आवाजात विचारलं. सही विक्तरकाकांनीच केली. हातात बावीस लाल कार्नेशन, त्यावर काळी रिबन, आणि आपलं कार्य पूर्ण झालं असून आपण विश्रांती घ्यावी अशी चिठ्ठी. एका पाव्हण्या बाईनं सवयीनं आरशावर चादर टाकली, तिकडं माणूस गेला की टाकतात तशी. विक्तरकाकांनी चिठ्ठी दोनदा वाचली, स्वतःची नाडी बघितली आणि खाली बसले. गालिनाकाकू म्हणाल्या की तेजस्वीनं उद्यापासून दुसरी खोली बघावी.

बाळासोंच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगी परक्या देशात, उणे अठरा थंडीत, आपल्या एका फुलापायी रस्त्यावर येणार. तवनाप्पांनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

"मी स्वयंपाकघरात पुरणपोळ्यांजवळ उभी राहून रडालते," तेजस्वी म्हणाली. "मग त्या फुलवालीला फोन केला. ती म्हटली, मी तीनदा विचारलं, साहेब ऐकायलाच तयार न्हाईत, वर एक, वर एक म्हणायलेत. तवा मला समजलं, पप्पा."

समजलं ते तिनं मग बाहेर जाऊन बारा पाव्हण्यांना समजावून सांगितलं. तीन महिन्यांच्या मोडक्यातोडक्या रशियनमध्ये, दुधाची वरची धार, कोथिंबिरीची काडी, कापडाची चार बोटं, सगळं. एवढं सलग रशियन ती पहिल्यांदाच बोलली. आमच्याकडं माणूस आवडीचा असला की मोजून देत नाहीत, वर एक देतात, असं तिनं शेवटी सांगितलं. (इथं बाळासोंनी खाली बघितलं. विक्तर आपल्या किती आवडीचा आहे, ते त्यांना ठाऊक होतं.) विक्तरकाका हसायला लागले ते थांबेनात, परत नाडी बघावी लागली. त्यांनी गुच्छातलं एक फूल काढून एकवीस केली, काळी रिबन मांजराच्या गळ्यात बांधली आणि बायकोला सांगितलं की पोरगी कुठं जाणार नाही.

"आणि काढलेलं फूल मला दिलं. म्हटले, हे तुझ्या बाबांचं वरचं, तुझ्याकडंच असू दे. माझ्या टेबलावर पेल्यात ठेवलंय."

तवनाप्पांनी खिशातला रुमाल काढून उगीचच चष्मा पुसला.

"पप्पा, गुरुवारी मी मेसेजच्या शेवटी हे सगळं सांगितलं होतं. फुलांची संख्या आणि सगळंच. आई म्हटली, तुम्ही मधेच उठून गेलासा. तुम्ही बाहेर पेपर धरून बसता, म्हायतीय मला. म्हणून तर मी मोठ्यानं बोलते. मेसेजचा शेवट तुमच्यासाठीच असतोय." जरा थांबून ती म्हणाली, "आणि आणखी एक. पहिल्या दिवशी तमाराबाईंनी प्रत्येकाला वडलांचं नाव विचारलं. इथं मोठ्या माणसाला मानानं हाक मारायची तर बापाच्या नावासकट मारतात. विक्तरकाका मला रोज सकाळी तेजस्वी बाळासोव्ना म्हणतात. टोपी घाल, तेजस्वी बाळासोव्ना. ट्राम आली, तेजस्वी बाळासोव्ना. रोज दहा वेळा तुमचं नाव ऐकते मी. म्हणून इथं करमतंय."

आता मात्र बाळासोंना सगळं एकदमच बोलावंसं वाटलं. मागची सीट रिकामी आहे, गाडी हलकी लागते, दोनदा हवा तपासली, पेपर सकाळीच वाचून झालेला असतो, रंकाळ्याला दोन चकरा मारल्या. विक्तरचं नावसुद्धा त्यांना आता तितकं टोचत नव्हतं. समोर ओटा नव्हता, भाकऱ्या नव्हत्या, वहिनी जयसिंगपुरात होत्या.

"बोला की, पप्पा," तेजस्वी म्हणाली. "आज मला तुमच्याशीच बोलायचं हाय."

बाळासोंनी घसा खाकरला. दोनदा खाकरला. फोन हातात घेतला, डोळ्यांसमोर धरला, परत कानाला लावला.

"जेवलीस?" ते म्हणाले. "बरं. थांब, तवनाप्पाकाकांना देतो."

तवनाप्पांनी फोन घेतला आणि तिथं रशियन सगळ्यांना येत असताना तू शिकून काय करणार, हा जुना प्रश्न पहिल्यांदा विचारून घेतला. मग तेजस्वी हसली, मग तवनाप्पा हसले, आणि सोळा मिनिटं त्या दोघांचं बोलणं चाललं. बाळासो समोर बसून गार झालेला चहा पीत तवनाप्पांकडं बघत राहिले. त्यांना आता तवनाप्पांचं तोंडसुद्धा बघवेना.